सदाचा फोटो घेऊन फ्रान्सला गेलेल्या माझ्या सासूस

प्रिय आये,

काल संध्याकाळी शेजारची शिल्पा आली होती. आठवते ना? लहानपणी तुझ्या मासळीच्या पाटीतली सुंगटं मोजत बसायची, ती. हॉटेलचं शिक्षण घ्यायला फ्रान्सला निघाली आहे. म्हणाली, "वंदना वहिनी, आख्ख्या वाडीत फ्रान्स बघितलेली तू एकटीच. थय कसा वागाचा ता सांग माका."

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग काय हवं ते मागायचं. बोंजूर न म्हणता वस्तू मागितली तर तिथली माणसं दुखावतात. जेवताना घाई करायची नाही. पाव ताटात नाही, टेबलावरच ठेवतात, घाबरू नकोस. असं सांगत गेले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी फ्रान्सचं काहीच सांगत नाहीये. सगळं तुझंच सांगते आहे. शिल्पा गेली आणि मी चूल न पेटवता तशीच बसून राहिले. आज म्हटलं, लिहूनच काढावं. तुला वाचता येत नव्हतं, पण आता तिथे कुणीतरी वाचून दाखवील की!

आये, तू फ्रान्सला यायला तयार झालीस तेव्हा मला केवढं नवल वाटलं होतं! सिमोन आपल्याकडे पहिल्यांदा आली ती सिंधुदुर्ग किल्ला बघायला. आपण पर्यटकांना भाड्याने द्यायचो त्या मागच्या खोलीत उतरली. ती निवृत्त शिक्षिका, फ्रान्सच्या अगदी पश्चिम टोकाच्या एका बेटावरची. तिला इंग्रजी येत होतं, मला मोडकंतोडकं. तुम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी तुमचं जमलं. पहाटे ती तुझ्याबरोबर बंदरावर यायची, लिलाव बघायची, तू तिला बांगडा कापायला शिकवलंस. दुसऱ्या वर्षी परत आली. जाताना म्हणाली, आता तुम्ही दोघी माझ्याकडे या, तिकिटाची काळजी माझी. मी हसण्यावारी नेलं. तू मात्र चटकन म्हणालीस, "येतलंव. पावसात येतलंव. तेव्हा दर्यो बंदच आसता."

कुडाळच्या पलीकडे एसटीने जायचं तरी नाक मुरडणारी तू! मला वाटलं, म्हातारीला हौस आली. माझं मेलीचं डोकं तेवढंच चाललं.

कारण खरं काय होतं ते मला ठाऊक असायला हवं होतं. तुझा मुलगा, माझा नवरा, सदा ट्रॉलरवर गेला आणि परत आला नाही, त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. त्या रात्री वारा फिरला. बरोबरच्या दोघांची प्रेतं देवगडच्या बाजूला लागली. सदाचं काहीच लागलं नाही. ना कपडा, ना चप्पल. मी रडून घेतलं. तू रडली नाहीस. "पाण्यात मासो पवता तसो पवता माझो झील," असं सगळ्यांना सांगत राहिलीस. "खंयच्या तरी जहाजार घेतल्यानी आसतला तेका."

भटजी आले होते ना समजवायला? प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग पुढचे विधी होतात, असं बिचारे हळू आवाजात सांगत होते. तू उठून उभी राहिलीस. "गवताच्या बावल्याक मी माझो झील म्हणू? चला, उठा हयसून!" भटजींनी चहा अर्धा सोडला.

तेव्हापासून मी सवाष्ण होते आणि नव्हतेही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, बायकांना कळायचं नाही. बोलावलं तर जावं की नाही, मला कळायचं नाही. मंगळसूत्र गळ्यात होतं, पण हात लागला की दचकायला व्हायचं. तुझ्यावर रागवायचे मी, आये. मनात फार रागवायचे. पण दोघी एकाच ताटाला बसणाऱ्या, राग दाखवायचा कुणाला?

मुंबईला व्हिसाच्या कचेरीत त्या बाईंनी विचारलं, "आजी, फ्रान्सला कशाला जाताय?" तू पदर सारखा केलास आणि शुद्ध मराठीत म्हणालीस, "बघायला." काय बघायला ते त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पॅरिसला सिमोन आपल्याला न्यायला आली होती. मला तो उंच लोखंडी मनोरा बघायचा होता, तुला नदीतल्या होड्या. सिमोनने एक मोठा चौक दाखवला आणि सांगितलं, इथे लोकांनी राजाचं डोकं उडवलं. मग राणीचंही. मी तुला सांगितलं तर तू त्या गर्दीत थबकलीस. "राणीक पण? पोरां होती मा तिका?" सिमोन म्हणाली, होती. लोक फोटो काढत होते आणि तू त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या पोरांसाठी हळहळत होतीस. त्यांची क्रांती मी पुस्तकात वाचली होती. त्या पोरांचा विचार कधी केला नव्हता.

मग आगगाडीने ब्रेस्टला गेलो. तिथून बेटावर जाणारी बोट सुटते. सिमोन तिकिटं घ्यायला गेली, मी सामान धरून उभी, आणि वळून बघते तर तू नाहीस! एवढ्या मोठ्या बंदरात नऊवारी नेसलेली बाई हरवणार तरी कशी, पण मी वेड्यासारखी धावत सुटले.

तू धक्क्याच्या टोकाला होतीस. जाळी आवरत बसलेल्या एका दाढीवाल्या माणसासमोर उभी. हातात सदाचा फोटो, लग्नातला, कापून एकट्याचा केलेला. आणि त्या माणसाला सांगत होतीस, "ह्यो माझो झील. हेका खंय बघितलास?"

त्याला काय कळणार मालवणी! पण आये, त्याने डोक्यावरची टोपी काढली. फोटो दोन्ही हातांनी घेतला. नीट बघितला, उजेडाकडे धरून बघितला. शेजारच्या बोटीवरच्या सोबत्याला हाक मारली, त्यालाही दाखवला. दोघांनी मान हलवली. त्याने फोटो स्वतःच्या सदऱ्याला पुसून परत दिला, कारण त्याचे हात ओले होते.

मी तुझा दंड धरला. "ह्यासाठी इलंस? ह्यासाठी?" मी ओरडले. माझा आवाज चिरकला. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालीस, "हयसून जहाजा साऱ्या जगात जातत. कोणी तरी बघितल्यान आसतला. तुका सांगितलंय आसता तर तू येवक दिलंस नसतंस."

खरं होतं ते. मी येऊ दिलं नसतं. म्हणजे त्या सगळ्या प्रवासात तुझ्या पोलक्यात तो फोटो होता. विमानात, पॅरिसात, त्या चौकात. आणि मी तुला खिडकीतून ढग दाखवत होते!

बोटीत फ्रेंच माणसं ओकून ओकून बेजार झाली. तू ताठ बसलेलीस. सिमोनने मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं? मग पहिल्यांदा तिला सदाचं सगळं सांगितलं. तिला वाटत होतं तो आखातात नोकरीला आहे. तूच तिला तसं खुणेने सांगितलं होतंस. ऐकून ती एवढंच म्हणाली, "माझ्या आईशी बोलायला हवं."

त्या बेटाचं नाव उएसां. शिल्पाला सांगितलं, कधी सुट्टी मिळाली तर पॅरिसातच रेंगाळू नकोस, तिथे जा. झाड असं जवळजवळ नाहीच, वाऱ्याने उभंच राहू दिलं नाही. दगडी बुटकी घरं, निळ्या खिडक्या, चहूकडे दीपगृहं. घरातली कपाटं-टेबलं फुटलेल्या जहाजांच्या लाकडाची, वर निळा रंग दिलेला. पूर्वी तिथले सगळे पुरुष जहाजांवर असायचे, शेती बायकाच करायच्या. सिमोन तर म्हणाली, मुलीच मुलाला मागणी घालायच्या! तू म्हणालीस, "मगे बरा होता. नारळ-सुपारीचो खर्च तेंच्यार."

आणि जेवण! सिमोनने पहिल्या रात्री तव्यावर पातळ पीठ फिरवलं, तू जाऊन बघितलंस आणि ओरडलीस, "अगो, हे तर घावणे!" दुसऱ्या दिवशी तूच तव्याशी उभी. ओहोटीला बंदरातलं पाणी इतकं मागे जायचं की होड्या चिखलात कुशीवर पडून राहायच्या. "हेंचो दर्यो गेलो खंय?" म्हणून तू काठाकाठाने चालत जायचीस. आणि जेवणं उरकून रात्रीचे दहा वाजले तरी उजेड! "हयलो सूर्य बुडणा नाय गो," असं कौतुकाने म्हणायचीस. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय मजेत आहे ही बाई. पण पोस्टात, दुकानात, बोटीवाल्यांकडे तू फोटो दाखवत होतीस. मी अडवायचं सोडून दिलं होतं. बोंजूर म्हणायचीस आणि फोटो पुढे करायचीस.

सिमोनची आई ईव्होन, नव्वदीच्या घरातली. काळे कपडे, पांढरे केस, काठी. तिच्यासमोरही तू फोटो धरलास. तिने चष्मा लावून बघितला आणि एकच प्रश्न विचारला. सिमोनने तो इंग्रजीत केला, मी मालवणीत केला. "समुद्रात?"

तू होकाराची मान डोलावलीस. आये, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू त्या शब्दाला नाही म्हणाली नाहीस.

मग ईव्होनने आपल्या वडिलांचं सांगितलं. ती लहान होती. वडील दूरच्या समुद्रात जहाजाबरोबर बुडाले, प्रेत आलं नाही. त्या बेटावर अशा माणसासाठी मेणाची एक छोटी फुली करायचे. क्रॉस, बोटाएवढा. घरात टेबलावर पांढरं कापड घालून त्यावर ती ठेवायची. शेजारीपाजारी रात्रभर तिच्याभोवती बसायचे, प्रेताभोवती बसावं तसे. सकाळी सगळे मिळून ती चर्चमध्ये न्यायचे, आणि काही काळाने दफनभूमीतल्या एका छोट्या दगडी घुमटीत अशा सगळ्या फुल्या एकत्र ठेवायचे. या रिवाजाला प्रोएला म्हणतात. सिमोन म्हणाली, या शब्दाचा अर्थ घरी परत आणणं, असं काही लोक सांगतात.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग भांडायला उठल्यासारखी म्हणालीस, "इचार तिका. मेणाच्या फुलीक तिच्या आवशीन आपलो घोव मानल्यान?"

मला विचारायला लाज वाटत होती. पण विचारलं. ईव्होन रागावली नाही. हसलीही नाही. काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "नाही. आई म्हणाली होती, हे मेण आहे, हा माझा नवरा नाही. पण माणसं घरी आली होती. त्यांना बसायला, रडायला काहीतरी हवं होतं. सकाळपर्यंत आईलाही ते हवं झालं."

सिमोनने इंग्रजीत सांगितलं. मी मालवणीत सांगायला लागले आणि मध्येच माझं मलाच भरून आलं. वाक्य पुरं होईना. तू म्हणालीस, "रव. समाजला माका."

दुसऱ्या दिवशी तूच ती घुमटी बघायला निघालीस. केवढीशी ती! आपल्या तुळशीवृंदावनाहून थोडी मोठी. वर लिहिलं आहे की परमुलखात मेलेल्या खलाशांच्या आठवणीसाठी या फुल्या इथे ठेवतो. ते सिमोनने वाचलं आणि मी तुला सांगितलं. तू दगडावर हात ठेवलास. समुद्रावरून वारा येत होता, पदर उडत होता, तू तो सावरत नव्हतीस. "हेंका जागा तरी आसा," म्हणालीस. "माझ्या झिलाक मी जागाच दिलंय नाय."

त्यानंतर तू कुणालाही फोटो दाखवला नाहीस.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गावात नाच होता. फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सण, लोकांनी राजाचा तुरुंग फोडला त्याची आठवण. कंदील, बाजा, लहानमोठे सगळे रस्त्यावर. तिथले लोक करंगळीत करंगळी अडकवून मोठं कोंडाळं करतात आणि हात झुलवत एका बाजूला सरकत जातात. ईव्होनने तुझी करंगळी पकडली. मला वाटलं तू सोडवून घेशील. पण तू पायातल्या चपला काढल्यास, कासोटा सारखा केलास आणि गेलीस की नाचायला! सदा गेल्यापासून गणपतीतली फुगडीसुद्धा घातली नव्हतीस. नाचताना डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तू ते पुसणार कशी, दोन्ही हात गुंतलेले! तिकडच्या एका अनोळखी बाईनेच पुढे होऊन आपल्या रुमालाने पुसलं. फ्रान्सचं नाव काढलं की मला तो मनोरा आठवत नाही, आये. त्या बाईचा रुमाल आठवतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी भटजींकडे निरोप धाडलास. बिचारे बिचकतच आले. तू त्यांना पाट दिलास आणि म्हणालीस, "बाबानू, तेव्हा तुमका वायट बोललंय. आता काय करूचा ता सांगा."

कुणकेश्वरला विधी झाला. खाली समुद्र खवळलेला, बाजूच्या शेडमध्ये दर्भाचा पुतळा. अग्नी द्यायला सदाचा चुलतभाऊ होता. बायकांनी थांबू नये, असं कुणीतरी म्हणालं. तू म्हणालीस, "मी थांबतलंय. माझी सूनय थांबतली. तेका आमच्यापेक्षा जवळचा कोण आसा?" भटजींनीच मग मान डोलावली. वाडीतली माणसं भोवती बसली. ज्वाळा वर आली आणि तू समुद्राकडे तोंड करून अशी हाक मारलीस, जशी तो लहानपणी किनाऱ्यावर खेळत राहिला की मारत असशील.

"सदाऽ! घराक ये रे बाबा!"

त्या हाकेने सगळे रडले. ज्यांनी सदाला कधी बघितलं नव्हतं तेही. आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून, सगळ्या वर्षांचं एकदम रडलीस.

त्या रात्री तू माझ्या केसांना तेल लावलंस. मंगळसूत्र मी काढून ठेवलं होतं. म्हणालीस, "माझ्या हट्टान तुका अडकवन ठेवलंय. आता तुका व्हया ता कर. लगीन करूचा तर कर. मी पाठवणी करतलंय." मी लग्न केलं नाही, पण ते माझ्या मनाने. तुझ्यासाठी नाही, हे तुला पटवायला मला किती भांडावं लागलं! बालवाडीत शिकवायला लागले, खोल्या वाढवल्या, कॅसेट लावून फ्रेंच शिकले. तू मात्र सगळ्या पाहुण्यांशी मालवणीतच बोललीस. आणि त्यांना ते कळायचं, हा तर माझ्या फ्रेंचचा केवढा अपमान!

एक गोष्ट मात्र तुला विचारायचीच आहे. छातीत दुखत होतं ते का सांगितलं नाहीस? सकाळी बंदरावरून आलीस, पाटी उतरवलीस, "जरा पडतंय" म्हणालीस. पडतंय म्हणून कुणी असं जातं? मी आत भात बघत होते गो. एक हाक मारली असतीस तर!

सिमोनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई अजून आहे, तिला सांगते. ईव्होनने तुझ्यासाठी तिथे चर्चमध्ये मेणबत्ती लावली. त्या एवढ्याशा बेटावर तुझं नाव घेतलं गेलं आहे, आये. मालवणच्या मासेवालीचं!

आता शेवटचं. गेल्या वर्षीच्या वादळात विजयदुर्गची एक होडी परत आली नाही, हे तुझ्यामागे घडलं. त्यातल्या एकाची आई रोज दुपारी त्याचं ताट वाढते, आणि संध्याकाळी ते गाईला घालते. घरात सून आहे, लहान. परवा बाजारात तिने मला गाठलं आणि हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमच्या सासवेक कसा समजावलास?" मी काय सांगणार? मी कुठे समजावलं! मी तर नुसती तुझ्या मागे पळत होते.

उद्या मी विजयदुर्गला जाते आहे. तुला शब्द देते, आये, त्या माउलीला मी शहाणपण शिकवणार नाही. मुलगा गेला असं म्हणणार नाही, विधीचं नाव काढणार नाही. पहिल्या दिवशी ती मला हाकलून देईल, भटजींना तू दिलंस तसं. मी पुन्हा जाईन. बालवाडी सुटली की एसटी धरीन. आणि ज्या दुपारी ती ताट उचलून माझ्यापुढे ठेवील, "जेव गो, तू तरी जेव" म्हणेल, त्या दुपारी मी जेवेन. पोटभर जेवेन, आणि मग तिला तिच्या मुलाबद्दल विचारीन, कसा होता म्हणून.

तुझी,
वंदना
मालवण